कुंकू लावून सोडलेला मांगूर

मलकापूर स्टेशनाबाहेर आलो तेव्हा सकाळच होती, तरी रस्त्याचे डांबर चपलेला चिकटत होते. मे महिन्यात वऱ्हाडात कोणी हौसेने जात नाही. मी नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात भांडार सांभाळतो. तिथल्या सोबत्यांनी रजेचे कारण विचारले. मी ‘मासे मोजायला चाललोय’ म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारायचे सोडून दिले.

कारण मात्र खरे होते. माझे साडू मिलिंदराव मोताळा तालुक्यात धामणगाव बढे येथे राहतात, शाळेत शिक्षक आहेत. त्यांचा फोन आला होता. “भाऊ, इथून जवळच्या एका गावात तलाव खाली करून राह्यले (रिकामा करत आहेत). परदेशी मासा घुसला त्याच्यात, तो सारा काढाचा हाये. आन आपला गावरान मासा वेगळा काढून जिता ठेवाचा हाये. वजनमापाले एक भरवशाचा माणूस पाह्यजे. तुमी या.” भरवशाचा माणूस म्हणून बोलावणे येण्याचे प्रसंग माझ्या वयात फार येत नाहीत. मी स्प्रिंगचा काटा आणि पन्नास फुटांचा टेप पिशवीत टाकला आणि निघालो.

मलकापूरहून निघालेली एसटी अर्धी रिकामी होती. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी राने होती. बांधाबांधांवर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग रचले होते. दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची ओळ पेन्सिलीने ओढावी तशी दिसत होती. ओढे कोरडे होते, पुलांखाली वाळू होती. शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर कोथिंबिरीची जुडी होती आणि ती सुकू नये म्हणून वर ओला रुमाल टाकलेला होता.

“कुठचे हो तुमी?” तिने विचारले.

“नाशिकचा.”

“आन इकडं काऊन?”

“तलावातले मासे धरायला.”

तिने खिडकीबाहेरच्या कोरड्या ओढ्याकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. “घरी भांडून निंघाले काय?” म्हणाली, आणि ओल्या रुमालातून आधी कोथिंबिरीवर आणि मग स्वतःच्या कपाळावर पाणी पिळले.

धामणगावला मिलिंदराव थांब्यावर उभे होते. जयभीम झाला, पिशवी त्यांनी काढून घेतली. घरी उज्ज्वलाताईंनी, म्हणजे माझ्या पत्नीच्या मोठ्या बहिणीने, कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या) आणि हिरव्या मिरचीचा ठेचा समोर ठेवला. सोबत कच्चा कांदा आणि तेल होते. भाकरीला उडदामुळे एक वेगळाच चिवट गोडवा असतो. मी तीन खाल्ल्या. ताई म्हणाल्या, “अजून घ्या. उद्या तथी चिखलात उतरल्यावर कोणी जेव म्हणणार नाही.”

“मी चिखलात उतरणार नाही, काठावर काटा धरून बसणार आहे,” मी म्हणालो. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिले.

उन्हे कलल्यावर मिलिंदरावांच्या मोटरसायकलवर बसून आम्ही तलाव बघायला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी, एका बाजूला मातीचा बांध आणि तीन बाजूंनी हळूहळू चढत जाणारी शेते, असा तो गावतलाव होता. निम्म्याहून अधिक तळ उघडा पडून भेगाळला होता. मधोमध खोलगट भागात पाणी उरले होते, हिरवट, शेवाळी. टेप लावून पाहिले तर लांबी पावणेदोनशे फुटांच्या आसपास आणि रुंदी त्याच्या निम्मी भरली. खोली कोणालाच नक्की सांगता येईना.

मी पाण्याकडे पाहत उभा राहिलो. पाणी स्थिर नव्हते. दर काही क्षणांनी कुठेतरी एक रुंद, चपटे तोंड वर येई, हवेचा घोट घेई आणि आत जाई. एक इथे, एक तिथे, मग चार एकदम. वारा नव्हता, पाऊस नव्हता, तरी साऱ्या पृष्ठभागावर वर्तुळे उमटत होती. मोजायचा प्रयत्न केला आणि थोड्याच वेळात सोडून दिला. माझ्या नोकरीत मी असा हिशेब सहसा सोडत नाही.

“सारे मांगूरच,” मागून आवाज आला.

या कांताबाई. गावातल्या भोई बायांच्या मच्छीमार गटाच्या प्रमुख, वय पंचेचाळिशीचे, साडीचा काष्टा घातलेला. वरच्या अंगाला कोणाच्या तरी शेततळ्यात हा आफ्रिकेतून आलेला मांगूर पाळलेला होता, असे त्यांनी सांगितले. पाळायला बंदी आहे. नष्ट करा म्हणून ताकीद आली तेव्हा त्या माणसाने मासे मारण्याचा त्रास घेतला नाही, ओढ्यात सोडून दिले. ओढ्याला पूर आला आणि मासे तलावात उतरले. “कोणी सोडले ते गावात साऱ्याईले माईत हाये, आन कोणालेच माईत नाई,” त्या म्हणाल्या. “लागोपाठ दोन साल आमी रोहूचं बीज टाकलं, बोटाएवढं. सारं यायनं खाल्लं. मरळ खाल्ली, शिंगटी खाल्ली, बेडकं खाल्ले. मागं बदकाचं पिल्लू खाली वढताना म्या सोता पाह्यलं.”

तलाव आटवण्याची परवानगी रीतसर घेतलेली होती. अवघड भाग वेगळाच होता. हे पाणी गावची गुरे पितात. ते उपसायचे तर पावसापर्यंत गुरांची सोय काय? कांताबाईंनी घरोघर जाऊन लोकांना तयार केले होते. तलावाच्या वरच्या अंगाला याकूबभाईंचे शेत आहे, त्यात जुनी पायऱ्यांची, बांधीव विहीर आहे. गुरांसाठी त्या विहिरीवरून हौद भरून द्यायचे आणि गावरान मासे त्याच विहिरीत ठेवायचे, असे ठरले होते. इंजिने एक दिवस चालणार. दुसऱ्या दिवशी दुपारी उरलेल्या डबक्यावर गुरे पाणी प्यायला सोडायची.

“एकच डाव हाये,” कांताबाई म्हणाल्या. “एक जोडी जरी राह्यली तं पाण्यापावसात हजारो करते. मंग गाव मले म्हणन, बाई, आमचे ढोरं ताणले (तहानेले ठेवले) आन काय केलं? पुढच्या साली कोणी पाणी उपसू देनार नाई. मंग मरळीचं नाव घ्याले फक्त मामाजी उरतीन.”

मामाजी म्हणजे त्यांचे सासरे देवराव. सत्तरीपुढचे, काटक, डोक्याला पांढरा रुमाल. ते बांधावर बसून फेकजाळ्याचे शिशाचे मणी एकेक दाबून पाहत होते. त्यांनी मला विचारले, “नाशकात गंगेले (गोदावरीला) मरळ हाये काय?” मी म्हटले, असेल, मी पाहिली नाही. “पाह्याले पाह्यजे,” ते म्हणाले, आणि परत मण्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा नुकते उजाडत होते आणि काठावर सारा गाव उभा होता. दोन डिझेल इंजिने वरच्या अंगाला बसवली होती. ओढणाऱ्या पाइपांच्या तोंडांना बारीक जाळी बांधली होती. बाहेर पडणारे पाणी याकूबभाईंच्या नांगरलेल्या रानात पसरवायचे होते, म्हणजे ते ओढ्यात न जाता जिरेल. एका कोपऱ्यात मांगूर पुरायला खड्डा खणून ठेवला होता, त्याच्याशेजारी चुन्याची पोती होती.

इंजिने सुरू करण्याआधी पहिले जाळे देवरावांनी टाकायचे, असा मान आहे. पहिल्या जाळ्यात येणारी पहिली मासोळी खायची नाही, विकायची नाही. तिला हळदकुंकू लावून पाण्याला परत द्यायची. त्यांच्या बापाने तेच केले, आज्यानेही तेच. दर हंगामाला हे होते, त्यामुळे त्याबद्दल आधी कोणी काही बोललेच नव्हते.

देवराव गुडघाभर पाण्यात गेले. जाळे खांद्यावर घेतले, कमरेतून वळले, आणि ते म्हातारे शरीर क्षणभर वीस वर्षांच्या माणसाचे झाले. जाळे हवेत उघडले, पूर्ण गोल, आणि मणी एकाच वेळी पाण्यावर पडले. मी आयुष्यात अनेक यंत्रे पाहिली आहेत. इतक्या नेमक्या गोलात काही पडताना पाहिलेले नाही.

जाळे ओढताना त्यांचे दंड थरथरायला लागले. दोघे जण मदतीला गेले. आत एकच मासा होता. काळसर, बिनखवल्यांचा, मांडीएवढा जाड, चपट्या डोक्याला आठ मिशा. पोट फुगलेले होते, म्हणजे अंड्यांनी भरलेली मादी. शेपटीच्या टोकाला अर्धचंद्रासारखा तुकडा तुटलेला होता, बहुधा कासवाने तोडला असावा. काठावर लोक ‘मोठा हाये, मोठा हाये’ म्हणत होते. देवरावांनी तिला दोन्ही हातांत घेतले, डोळे मिटले, ओठ हलले. कमरेच्या पुडीतून कुंकवाचे बोट तिच्या डोक्याला लावले, हळदीचे लावले, वाकले, आणि पाण्यात सोडून दिले.

पाण्यावर एक मोठा भोवरा उठला आणि विरला.

“मामाजी,” कांताबाई हळू आवाजात म्हणाल्या, “काय केलं हे?”

देवरावांनी आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिले. हळद अजून बोटांना होती. “हात गेला, बाई,” ते म्हणाले. “पयली व्हती ना. हातानं सोडली.”

मागून कोणीतरी म्हणाले, “बुढ्यानं दुश्मनाले कुंकू लावून घरी पाठोलं.” लोक हसले. कांताबाई हसल्या नाहीत. हजारो अंडी पोटात असलेली मादी, अख्ख्या तलावातली कदाचित सर्वांत मोठी, आता सावध होऊन तळाशी गेली होती.

“शेपटी तुटेल हाये,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. “ते घावल्याशिवाय हे काम सरत नाई. आन मामाजीले कोणी काई बोलाचं नाई. बोलाचं अशीन तं मले बोला.”

इंजिने धडधडू लागली.

पाणी उतरते कसे, हे मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. आधी काहीच होत नाही. मग काठाला एक ओली पट्टी दिसते. मग एक बुडालेले बाभळीचे खोड वर येते, मग कोणाची तरी हरवलेली कळशी, मग दगडांची एक जुनी ओळ. म्हातारी माणसे म्हणाली की तलावाआधीच्या गाडरस्त्याची ती कड आहे. दुपारपर्यंत पाणी आक्रसून अंगणाएवढे झाले आणि मग ते पाणी उकळायला लागले. दुसरा शब्द मला सुचत नाही. पाठीवर पाठ, शेपटीवर डोके, सगळे मिळून एकच काळे, चकचकीत, वळवळणारे शरीर झाल्यासारखे वाटत होते. बगळे काठावर रांगेने उभे होते, पण पुढे यायची त्यांचीही हिंमत होत नव्हती. घारी मात्र वरून झेपावत होत्या.

बाया आणि पुरुष कंबरभर चिखलात उतरले. मीही उतरलो. ताईंनी बरोबर ओळखले होते. काठावर बसून वजने करणे शक्यच नव्हते, कारण गावरान मासे वेगळे काढायला जितके हात मिळतील तितके कमी होते. कांताबाईंनी दोन मासे शेजारी धरून मला फरक दाखवला. आपल्याकडचा मांगूर लहान, लालसर तपकिरी. परदेशी मोठा, करडा, अंगावर संगमरवरासारखे डाग. “समजलं नाई तं इचारा. भेवानं विहिरीत टाकू नका,” त्या म्हणाल्या. मी प्रत्येक माशासाठी विचारत राहिलो, तेव्हा शेवटी म्हणाल्या, “पाव्हणे, आता त्यो बेडूक हाये.”

मांगराच्या पंखाला काटा असतो. तो माझ्या अंगठ्यात घुसला आणि हात कोपरापर्यंत ठणकू लागला. याकूबभाईंनी चुना आणि हळद लावून चिंधी बांधली. हे याकूबभाई साठीचे, विहिरीचे मालक, दिवसभर विहिरीच्या पायऱ्यांवर उभे राहून आलेला प्रत्येक मासा स्वतः पाण्यात सोडत होते. “मेरे अब्बाने पाण्यासाठी विहीर बांधली,” ते म्हणाले, “आता ते मरळीची धर्मशाळा झाली.” बाया घमेल्यांत ओले बारदान टाकून, त्यात मासे ठेवून, तलावापासून विहिरीपर्यंत जवळजवळ पळत जात. घमेल्यांतून पाणी सांडत असे. संध्याकाळपर्यंत त्या वाटेची माती काळी आणि मऊ झाली होती.

पोती भरून भरून मांगूर काट्यावर आले. सव्वातीनशे किलोच्या पुढे गेल्यावर माझ्या काट्याची स्प्रिंग ताणली गेली, म्हणून त्यानंतरचे वजन मी देत नाही. ‘एवढं मटण जमिनीत पुरता काऊन बे,’ म्हणून कुरकूर झाली, पण सारे मासे खड्ड्यातच गेले. आणि विहिरीत गावरान किती? शिंगट्या, मळ्या, लहान झिंगे बादलीभर. गावरान मांगूर चार. मरळ अकरा. पावणेदोनशे फूट पाण्यात अकरा मरळी उरल्या होत्या. देवराव प्रत्येक मरळ विहिरीकडे जाताना तिला हात लावून बघत होते.

पिवळे ऊन डोंगराला टेकले आणि ठरल्याप्रमाणे इंजिने बंद झाली. मधोमध घोटाभर पाण्याचे डबके आणि भोवती चिखल उरला. तुटक्या शेपटीची मादी सापडली नव्हती. खड्ड्यातले मासे परत वर काढून शेपट्या पाहून झाल्या होत्या. चिखलात पाय खुपसून, हातभर खोल चाचपून झाले होते. हे मासे चिखलात शिरून, हवा पिऊन दिवसचे दिवस राहतात.

“जाऊ दे वहिनी, मेली अशीन,” एक जण म्हणाला.

“मेली अशीन तं वर आली अस्ती,” कांताबाई म्हणाल्या. डबक्याभोवती जाळी उभी करून, खाली दगड लावून, त्या निघाल्या. उद्या दुपारी गुरे येऊन सगळा चिखल तुडवणार होती. त्याआधीची सकाळ तेवढी हातात होती. देवराव बांधावरच बसून राहिले. सुनेने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तिने नुसते भाकरीचे फडके त्यांच्याजवळ ठेवले आणि ती गेली.

सकाळी मी आणि मिलिंदराव पुन्हा आलो तेव्हा कांताबाई आणि देवराव डबक्याच्या कडेला वाकून काहीतरी पाहत होते. जाळीखालचा एक दगड सरकला होता. तिथून चिखलावर एक खूण निघाली होती. मध्ये वीतभर रुंदीची गुळगुळीत खाच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाके घातल्यासारखे बारीक ठिपके, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पंखांच्या काट्यांनी रेटत गेल्याचे ते ठिपके होते.

“चालत गेली,” देवराव म्हणाले.

आम्ही खुणेमागून निघालो. तळाच्या भेगाळलेल्या कोरड्या मातीकडे ती वळली नव्हती. रानात जिरलेल्या पाण्याकडेही गेली नव्हती. ती आमच्याच वाटेने गेली होती. बायांच्या घमेल्यांतून दिवसभर जे पाणी सांडले, ज्या ओल्या वाटेवर माझीही पावले होती, त्याच वाटेवर मधोमध ती खाच सरळ चढत होती. कुठे विसावल्यासारखी रुंद होत होती, मग परत अरुंद. आणि ती वाट जिथे जात होती तिथे विहीर होती.

कांताबाई पळत सुटल्या. पायात चप्पल नव्हती, ढेकळे होती, त्या थांबल्या नाहीत. मी मागून धावत होतो आणि मनात एकच आकडा होता, अकरा.

खूण विहिरीच्या तोंडाशी, पहिल्या पायरीच्या जरा अलीकडे, एका ओल्या बारदानाखाली शिरली होती. काल मासे झाकायला आणलेले ते बारदान तिथेच पडून राहिले होते. बारदान हलत होते. वर खाली, वर खाली, सावकाश.

देवरावांनी ते उचलले. तीच होती. अंगावरचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, पोटाखाली खरचटले होते, शेपटीचा अर्धचंद्र स्पष्ट दिसत होता. तोंड उघडझाप करत होते. आम्ही चौघे आणि आवाज ऐकून आलेले याकूबभाई तिच्याभोवती उभे राहिलो. मी नंतर टेप लावला. डबक्यापासून त्या जागेपर्यंत एकशे बासष्ट फूट, तेही चढ. पाय नसलेला, पाण्यातला जीव, अंड्यांचे ओझे पोटात घेऊन, अनोळखी जमिनीवरून पाण्याच्या दिशेने इतका चढून आला होता. या माशाने एक तलाव संपवला होता, हे मला माहीत होते. तरी त्या वेळी मला टोपी काढावीशी वाटली. मिलिंदरावांनी खरोखर काढली.

“देवबा, द्या मले, मी करतो,” याकूबभाई म्हणाले.

“नाई,” देवराव म्हणाले. “दिलेलं वापस घेनं चांगलं नसते. घ्याचंच हाये तं ज्यानं देलं त्यानंच घ्याव.” ते तिच्याजवळ उकिडवे बसले. “माय, तुही काई चूक नाई,” ते म्हणाले. “हे तुहं गाव नोहे. तुले आनलं कोनी, सोडलं कोनी, आन आता मारनारा मी.” मग त्यांनी लाकडी दांडक्याचा एकच घाव घातला. तिला त्यांनी स्वतः खड्ड्यापर्यंत नेले, पोत्यात घालून नव्हे, दोन्ही हातांवर. वजन याकूबभाईंच्या घरच्या काट्यावर आठ किलोच्या थोडे वर भरले, लांबी तीन फुटांना दोन बोटे कमी.

परत येऊन ते विहिरीच्या पायरीवर बसले. चेहरा उतरला होता. कांताबाई त्यांच्याजवळ खालच्या पायरीवर बसल्या.

“मामाजी, झालं ना आता. घावली ना.”

“घावली. पर पाण्याले पयली मासोळी नाई भेटली औंदा. देली आन हिसकून घेतली. असं आमच्या घरात कधी झालं नाई, बाई.”

खाली पाण्यात एक मरळ वर आली, हवेचा घोट घेऊन गेली. “याच्यातल्या तलावात न्याच्याच हायेत ना,” त्या म्हणाल्या. “पाणी आलं का पयली तुमी न्या.”

म्हातारा पाण्याकडे पाहत राहिला. “आता पयले पाहीन,” म्हणाला. “मंग सोडीन.”

दुपारी गुरे तळात उतरली. मी उज्ज्वलाताईंच्या हातच्या खारोड्यांचे (बाजरीच्या वाळवलेल्या सांडग्यांचे) पुडके आणि सुजलेला अंगठा घेऊन मलकापूरच्या एसटीत बसलो. येताना जे ओढे कोरडे म्हणून पाहिले होते त्यांत आता मला ठिकठिकाणी डबकी दिसत होती. पुलाखाली एक, वळणावर दोन. प्रत्येकाकडे मी मान वळवून पाहत होतो, वर्तुळ उठते का म्हणून.

घरी आल्यावर पत्नीने अंगठ्याला काय झाले ते विचारले. सगळे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे सुटला तलाव त्या माशातून?” सव्वातीनशे किलो हा आकडा माझ्याकडे होता. उरले किती, हा नव्हता. आजवर मी असे धरून चाललो होतो की काढलेले मोजले की उरलेले कळतात. भांडारात ते खरे असते.

तलाव भरल्याचे मिलिंदरावांनी फोनवर सांगितले तेव्हा मी हाच प्रश्न त्यांना कांताबाईंना विचारायला लावला. निरोप आला, “पाव्हण्याले सांगा, तुमी मोजले ते मेलेले. जिते मोजता येत नसते. दर उन्हाळ्यात आमी पाहू.” आणि लोक पाणी उपसू देतील का? देतील, असे मिलिंदराव म्हणाले. विहिरीपर्यंतची ती खाच गावातल्या बहुतेक लोकांनी येऊन पाहिली होती, त्यानंतर कोणी काही म्हणाले नाही.

मग त्यांनी मरळीचे सांगितले. अकरापैकी एक विहिरीत दगावली, दहा तलावात नेल्या. पहिली देवरावांनी नेली, ओल्या धोतरात गुंडाळून, छातीशी धरून. काठावर बसून त्यांनी तिला आधी नीट पाहिले. डोके पाहिले, खवले पाहिले, शेपटी पाहिली. मग कांताबाईंकडे दिली, त्यांनी पाहिली. मग याकूबभाईंकडे, त्यांनी चष्मा लावून पाहिली. मग मिलिंदरावांकडे. “मी मास्तर, मले काय समजते,” ते म्हणाले, तर देवराव म्हणाले, “तरी पाहा.” चौघांचे पाहून झाल्यावर कुंकू लागले.

आणि पाण्यात हात बुडवल्यावरही म्हाताऱ्याने लगेच सोडली नाही, म्हणे. तिचे तोंड आपल्याकडे वळवून अजून एकदा पाहिले.